जुन्या कॅमेऱ्याची स्क्रीन बदलताना

वडिलांचा किंवा काकांचा एसएलआर कपाटातून निघतो. शटर चालते, लेन्स बऱ्यापैकी स्वच्छ असते, पण डोळा लावला की आतले सगळे मळकट दिसते. मधल्या गोलात काळे ठिपके, कडेला चिकट डाग, कोपऱ्यात बुरशी. चेन्नईत हे घरोघरी घडते. समुद्र जवळ, हवा बाराही महिने दमट, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. टी. नगरसारख्या जुन्या वस्तीत लाकडी कपाटात, चामड्याच्या कव्हरमध्ये पंचवीस-तीस वर्षे पडून राहिलेला कॅमेरा याहून वेगळा निघायचा नाही. मग पहिला विचार येतो तो नवी फोकसिंग स्क्रीन, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये प्रतिमा जिच्यावर दिसते ती पट्टी, मागवण्याचा. तो विचार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

स्क्रीन घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: किती उजळ दिसेल? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. स्क्रीन हे मोजमापाचे साधन आहे. ती आधी फिल्मच्या अंतराशी जुळली पाहिजे, मग कॅमेऱ्याच्या मीटरशी आणि मग तुम्ही रोज वापरता त्या लेन्सशी. हे तिन्ही जमल्यावर ती उजळ निघाली तर आनंदच आहे. या तिन्हींकडे दुर्लक्ष करून घेतलेली लखलखीत स्क्रीन मात्र रोलमागून रोल वाया घालवते, आणि दोष बिचाऱ्या लेन्सच्या माथी जातो.

अंतराचे आधी बोलू, कारण सगळे त्यावरच उभे आहे. जुन्या काळी हे अंतर वेगळे जुळवावेच लागत नसे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक होते. त्या काळच्या कॅमेऱ्यात मागच्या बाजूला घासलेली काच असे. डोक्यावर काळे कापड घेऊन त्या काचेवर उलटी प्रतिमा पाहायची, फोकस साधायचा आणि मग त्याच जागी निगेटिव्हचा धारक बसवायचा. पाहण्याची जागा आणि फोटो उमटण्याची जागा एकच. एसएलआरमध्ये त्या दोन झाल्या. लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडून वर वळतो आणि स्क्रीनच्या खालच्या मॅट पृष्ठभागावर प्रतिमा धरतो. शटर दाबले की आरसा बाजूला होतो आणि तोच प्रकाश सरळ मागे फिल्मवर जातो. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. बैठकीपासून आरशावर आणि तिथून वर स्क्रीनपर्यंतचे अंतरही नेमके तेवढेच भरले पाहिजे. ऑलिंपस ओएममध्ये हा आकडा ४६ आहे, कॅननच्या एफडीमध्ये ४२, मिनोल्टाच्या एसआर माउंटमध्ये ४३.५. पेंटॅक्सच्या के आणि जुन्या एम४२ स्क्रू माउंटमध्ये तो ४५.४६ आहे.

हे 'नेमके' किती नेमके, ते आकड्यांतच पाहावे. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.४ वर उघडून एक मीटरवरच्या माणसाचा चेहरा टिपायचा आहे आणि स्क्रीन आपल्या जागेपासून ०.०५ मिलिमीटर सरकलेली आहे, असे धरा. साध्या वहीच्या कागदाची जाडीही याहून जास्त असते. एवढ्या चुकीने प्रत्यक्ष फोकस सुमारे पावणेदोन सेंटिमीटर पुढे किंवा मागे जातो. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा रेखीव दिसतो, फोटोत भुवई किंवा कानशील रेखीव येते. एफ १.४ ला फिल्मच्या बाजूला मिळणारी सूट जेमतेम ०.०४ मिलिमीटर असते. एफ ८ ला तीच जवळपास ०.२४ होते, म्हणून उन्हात काढलेल्या फोटोंत हा दोष लपून राहतो आणि दुकानातल्या किंवा संध्याकाळच्या फोटोंत उघडा पडतो. 'दिवसा छान येतात, रात्री सगळे हलके आउट येतात' ही तक्रार कुणी केली की मी हात थरथरल्याचा संशय नंतर घेतो, स्क्रीनच्या बैठकीचा आधी.

आता मुळात दोष स्क्रीनचा आहे का? हे न पाहताच पैसे खर्च करणारे पुष्कळ आहेत.

डोळा लावा आणि समोरच्या दृश्याकडे लक्ष न देता मधल्या स्प्लिट (म्हणजे मधोमध छेदलेल्या) गोलाची कड किंवा मायक्रोप्रिझमची बारीक जाळी पाहा. ती कडच पुसट दिसत असेल तर लेन्स कशीही फिरवा, उपयोग नाही. तिथे तुमच्या डोळ्याचा नंबर आड येतो आहे. चाळिशीनंतर हे हमखास होते. त्यावर उपाय आयपीसवर बसणारे नंबराचे भिंग आहे, स्क्रीन नव्हे. गोलाची कड रेखीव आणि तरी चित्र मळकट असेल, तर लेन्स काढा, आरशावर हलका उजेड पडू द्या आणि डाग कुठे आहे ते बघा. ज्या कॅमेऱ्यात स्क्रीन सहज निघते त्यात ती बाहेर काढून पुन्हा डोळा लावावा. डाग तरीही तिथेच राहिला तर तो वरच्या प्रिझमचा. ऑलिंपस ओएम-१ मध्ये प्रिझमवरचा फोम कुजून चांदीचा थर खातो आणि चित्रात काळसर पट्टा येतो, हे जाणकारांच्या चांगले परिचयाचे आहे. तिथे स्क्रीन बदलून काहीच साधत नाही.

आणि एक गोष्ट नवख्यांनी मनावर कोरून ठेवावी: स्क्रीनवरचा धुळीचा कण फोटोत येत नाही. तो पाहताना डोळ्यांत खुपतो, एवढेच. दोन-चार ठिपक्यांसाठी चांगली मूळ स्क्रीन काढून हलक्या प्रतीची नवी घालणे हा निव्वळ तोटा आहे. कारखान्यात त्या बॉडीसोबत अंतर जुळवून बसवलेली स्क्रीन शक्य असेल तोवर वाचवावी.

वाचवायची कशी? बहुतेक स्क्रीन ॲक्रिलिकच्या असतात. चष्म्याच्या रुमालाने पुसली की ओरखडा ठरलेला. अल्कोहोल, थिनर, लेन्स क्लीनर यांतले काहीही तिला लावू नये, तडे जातात किंवा पृष्ठभाग पांढरा पडतो. आधी रबरी फुग्याने हवा मारा. त्याने भागले नाही तर नवा, तेल न लागलेला मऊ कुंचला. तरीही चिकटपणा राहिला आणि स्क्रीन एकसंध प्लास्टिकची असेल, तर बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून तिला हलकेच बुडवून हलवा, स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यातून काढा आणि कडेवर उभी करून वाळू द्या. आमच्या भागातले बोअरचे पाणी यासाठी मुळीच वापरू नका. ते इतके जड आहे की वाळल्यावर क्षारांची नक्षी राहते आणि ती निघत नाही. निकॉन एफ, एफ२ किंवा जुन्या कॅनन एफ-१ च्या काही स्क्रीनवर काचेचे कंडेन्सर असते, आत जोड असतात. त्यांना पाणी दाखवू नका.

नवी स्क्रीन घ्यायचे ठरलेच, तर ती यायच्या आधी आरशावरचा फोम बदलून घ्या. १९७०-८० च्या दशकातल्या कॅमेऱ्यांत आरसा वर जाऊन जिथे टेकतो तिथे पॉलीयुरेथेन फोमची पट्टी असते. दमट हवेत तो फोम विरघळल्यासारखा होऊन काळा डिंक बनतो. दर वेळी शटर दाबले की आरसा त्यावर आदळतो आणि त्याचे कण स्क्रीनवर उडतात. स्क्रीनवर दिसणारे ते काळे चिकट डाग बहुधा तिथूनच आलेले असतात. तो फोम तसाच ठेवून महागाची स्क्रीन बसवली तर पहिल्या दोन रोलांतच ती जुनीइतकी घाण होते. मेकॅनिकला फोम खरवडताना आरसा आणि स्क्रीन झाकून घ्यायला सांगा, आणि सांगायला संकोच करू नका.

पुढचा प्रश्न: तुमचा कॅमेरा स्क्रीन बदलू देतो का? इथे एकाच घराण्यातली दोन भावंडे वेगळी वागतात. निकॉन एफएम १९७७ चा, त्याची स्क्रीन बसलेली, ती वापरणाऱ्याने बदलावी अशी योजना नाही. दिसायला जवळजवळ तसाच एफएम२ आला १९८२ मध्ये, आणि त्याची स्क्रीन लेन्सच्या तोंडातून चिमट्याने निघते. एफई (१९७८) आणि एफई२ (१९८३) या दोघांतही ती निघते. कॅनन एई-१ (१९७६) मध्ये निघत नाही, एई-१ प्रोग्राममध्ये (१९८१) निघते. पेंटॅक्स एमएक्स आणि के१००० दोन्ही १९७६ चे. एमएक्सला आवडीनुसार स्क्रीन घालता येते, के१००० चे वरचे झाकण आणि प्रिझम काढल्याशिवाय स्क्रीनला हातही लागत नाही. ऑलिंपस ओएम-१ मध्ये माउंटच्या आतली छोटी खिटी दाबली की चौकट खाली येते. निकॉन एफ (१९५९) आणि एफ२ (१९७१) यांचा प्रिझमच निघतो, स्क्रीन वरून काढायची, आणि या दोघांच्या स्क्रीन एकमेकांना चालतात. एफ३ ची मात्र वेगळी.

चेन्नईतल्या घरांत सापडणारे कॅमेरे पुष्कळदा बर्मा बाजारातून घेतलेले किंवा आखातातून, सिंगापुरातून नातलगांनी बॅगेतून आणलेले असतात. खोके नाही, पुस्तिका नाही. म्हणून बॉडीवर कोरलेले पूर्ण नाव नीट वाचा, शेवटचा आकडा आणि अक्षर सोडू नका. 'निकॉनची स्क्रीन आहे का' या प्रश्नाला अर्थ नाही, 'एफएम२ची के२ स्क्रीन आहे का' याला आहे (के२ हा स्क्रीनचा संकेत). ज्यांच्या स्क्रीन वापरणाऱ्याने बदलायच्या नाहीत ते कॅमेरे जाणत्या मेकॅनिककडेच द्या. त्यांच्यासाठी सगळ्यांत चांगली स्क्रीन म्हणजे त्याच मॉडेलच्या बंद पडलेल्या बॉडीतून काढलेली. आकार, जाडी, खाच सगळे जुळते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईच्या चोर बाजारात शटर गेलेली बॉडी मिळाली आणि तिची स्क्रीन स्वच्छ असली तर ती सुट्या भागांसाठी घेऊन ठेवण्यासारखी असते. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारातल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्यांकडेही अशा बॉड्यांची चौकशी करावी, आणि इकडे माउंट रोडच्या जुन्या दुकानांतून.

मीटरचा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. पुष्कळ जुन्या एसएलआरमध्ये प्रकाश मोजणारे सेल आयपीसजवळ, प्रिझमच्या मागे असतात. म्हणजे ते स्क्रीनवर उमटलेला उजेड मोजतात. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, ओएम-१, एफएम, एफई हे सगळे या जातीचे. स्क्रीन बदलली की सेलवर पडणारा प्रकाश बदलतो. नवी स्क्रीन जास्त उजळ असेल तर मीटरला वाटते प्रकाश भरपूर आहे, तो कमी एक्स्पोजर सांगतो आणि फोटो अंधारा येतो. एफएम२-एफई२च्या उजळ स्क्रीन जुन्या एफईमध्ये बसतात खऱ्या, पण हाच फरक घेऊन बसतात. काही आधुनिक स्क्रीन प्रकाश फारसा न पसरवता सरळ डोळ्याकडे धाडतात, तिथे बाजूच्या सेलला कमीच मिळतो आणि चूक उलट दिशेने होते. म्हणून तर्कावर न जाता मोजून पाहावे. जुनी स्क्रीन असताना एकसारख्या उजेडातल्या भिंतीवर मीटर काय सांगतो ते लिहून ठेवा. नवी बसवल्यावर तीच भिंत, तीच लेन्स, तोच उजेड. एका स्टॉपने कमी एक्स्पोजर सांगू लागला तर ४०० ची फिल्म घालून डायल २०० वर ठेवायची. एवढ्याने काम भागते.

निकॉन एफ३ ला ही काळजी नाही. त्याच्या आरशाला अतिसूक्ष्म छिद्रे आहेत, त्यातून गेलेला प्रकाश बॉडीच्या तळाशी मोजला जातो, स्क्रीनपर्यंत जायच्या आधीच. याच्या दुसऱ्या टोकाला कॅननचा न्यू एफ-१ (१९८१) आहे. त्यात मीटर पूर्ण चौकटीची सरासरी घेणार, मधला भाग मोजणार की एक ठिपका मोजणार, हे स्क्रीनच ठरवते. तिथे चुकीच्या गटातली स्क्रीन घेतली तर मीटर मोजण्याची पद्धतच बदलून जाते. या कॅमेऱ्यासाठी स्क्रीन घेताना तिच्यावरचा संकेत वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता कुठली स्क्रीन, हा गमतीचा भाग. साधी मॅट, मध्ये स्प्लिट गोल असलेली, मायक्रोप्रिझमची, स्प्लिटभोवती मायक्रोप्रिझमचे कडे असलेली आणि चौकटीच्या रेघा असलेली, अशा मुख्य जाती. तुम्ही कुठे आणि काय टिपता यावर निवड ठरते, म्हणून टी. नगरच्याच वाटांवर सांगतो.

मांबलम स्टेशनातून बाहेर पडून रंगनाथन स्ट्रीटवर आलात की हात हलवायलाही जागा नसते. इथे २८ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स लावावी लागते. रुंद कोनाच्या लेन्समध्ये मॅटवर सगळेच बरे दिसते, कुठे फोकस पक्का बसला ते डोळ्याला कळत नाही. स्प्लिट गोल तिथे उपयोगी पडतो. दुकानाच्या पाटीची उभी कड, रेलिंगचा गज, शर्टाच्या बटणांची पट्टी, अशी कुठलीही रेघ गोलाच्या दोन अर्ध्या भागांत तुटलेली दिसते आणि फोकस झाला की जुळते. आडव्या छेदाच्या स्प्लिटला उभी रेघ लागते. तिरक्या, म्हणजे पंचेचाळीस अंशांत छेदलेल्या स्प्लिटला उभी-आडवी दोन्ही चालतात. मिळत असेल तर गर्दीच्या रस्त्यासाठी ती घ्यावी.

तीच स्क्रीन घेऊन पनगल पार्कभोवतालच्या रेशमी साड्यांच्या दुकानात या. नल्लीचे दुकान या भागात १९२८ पासून आहे. काउंटरवर चौकडीची कांजीवरम पसरलेली आहे. स्प्लिटमध्ये चौकडीची एक रेघ शेजारच्या रेघेशीही जुळल्यासारखी दिसू शकते, आणि आपण फोकस झाला असे समजतो. सारख्या अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीत हा धोका कायम असतो. तिथे पदराच्या टोकावर, गोंड्यावर किंवा विक्रेत्याच्या नखाच्या कडेवर फोकस करावा, किंवा गोल सोडून भोवतालच्या मॅटवर विश्वास ठेवावा. जवळून दागिने, जरी, फुले टिपणाऱ्यांना साधी मॅट स्क्रीनच खरी. मॅक्रोमध्ये स्प्लिटचा अर्धा भाग काळा पडतो, कारण त्यातल्या पाचरी ठराविक कोनातूनच प्रकाश घेतात. लेन्स एफ ४-५.६ पेक्षा अंधारी असली की हा काळेपणा येतो. १३५ एफ ३.५ वर डोळा जरा हलला की येतो, २०० एफ ४ वर सारखा त्रास देतो, आणि जुन्या ५.६ च्या झूमवर तर तो गोल नुसता अडथळा होतो. पाँडी बाजारचे पदपथ २०१९ पासून रुंद झाले आहेत, तिथे बाकावर बसून लांबच्या लेन्सने माणसे टिपायला मजा येते. असे काम ज्यांचे नेहमीचे आहे त्यांनी साधी मॅट घ्यावी.

रेघांची स्क्रीन मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे आणि ती उगाच दुर्लक्षित राहिली आहे. इमारती, मंदिरे, शिलालेख, चित्रांच्या नकला, कुठेही कॅमेरा सरळ धरायला ती मदत करते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातला सरफोजी राजांचा मराठी शिलालेख १८०३ चा आहे, भोसल्यांची वंशकथा सांगणारा. चेन्नईत राहणारी तंजावरी मराठी घरे तो पाहायला आवर्जून जातात. याच मंदिराच्या जोत्यावरचे तमिळ लेख छायाचित्रकार लिनियस ट्राइपने १८५८ मध्ये तुकड्यातुकड्यांनी टिपून एकमेकांना जोडले होते. असा लांबलचक लेख ५० च्या लेन्सने पाच-सहा फ्रेममध्ये घ्यायचा तर प्रत्येक फ्रेममध्ये ओळ स्क्रीनवरच्या आडव्या रेघेवर बसवता आली पाहिजे. साध्या स्क्रीनवर अंदाजाने धरलेला कॅमेरा दर फ्रेमला अर्धा अंश कलतो आणि ओळी जुळत नाहीत. निकॉनमध्ये ही ई मालिकेची स्क्रीन: एफईला ई, एफएम२-एफई२ला ई२, आणि २००१ च्या एफएम३एला ई३.

उजेडाचे आता बोलायला हरकत नाही. मिनोल्टाने ॲक्यूट मॅट स्क्रीन आणल्या. त्यात पृष्ठभाग नुसता घासलेला नसून अतिसूक्ष्म, नियमित उंचवट्यांचा असतो, त्यामुळे प्रकाश वाया जात नाही. पुढे हॅसलब्लाडनेही त्याच वापरल्या. एफ ४ च्या लेन्सने अंधाऱ्या जागी पाहताना हा फरक फार सुखावतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. फार उजळ स्क्रीन लेन्सच्या कडेचा तिरका प्रकाश डोळ्यापर्यंत नीट पोहोचू देत नाही. त्यामुळे एफ १.४ ची लेन्स लावली तरी दिसते ते एफ २.८ च्या आसपासचे चित्र. मागची धूसरता खरी असते त्याहून कमी दिसते आणि फोकस नेमका कुठे बसला ते ठरवणे अवघड जाते. तुमची स्क्रीन कशी आहे ते दोन मिनिटांत कळते: एफ १.४ ची लेन्स लावा, डेप्थ ऑफ फील्डचे बटण दाबून धरा आणि ॲपर्चर १.४ वरून २ वर, मग २.८ वर न्या. चित्रात काहीच बदलत नसेल तर ती स्क्रीन लेन्सचा तो उघडा भाग दाखवतच नाही. मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सवर माणसांचे चेहरे टिपणाऱ्याने जुनी, जरा अंधारी, भरड मॅटच ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यावर फोकस अक्षरशः फटकन उभा राहतो.

दोन डोळ्यांच्या यशिका मॅट, रोलीकॉर्ड, रोलीफ्लेक्स यांची गोष्ट थोडी वेगळी. या कॅमेऱ्यांनी गावोगावचे स्टुडिओ चालवले, आणि शेजारच्या कोडंबाक्कमच्या चित्रनगरीमुळे चेन्नईत तसले मध्यम आकाराचे कॅमेरे अजूनही निघतात. यांच्या जुन्या काचा कडेला खरोखर अंधाऱ्या असतात आणि उजळ स्क्रीनचा फायदा सर्वांत जास्त इथेच होतो. मीटर स्क्रीनवर अवलंबून नाही, लेन्स साधारण एफ ३.५ ची, म्हणजे वर सांगितलेला तोटाही नाही. बाजारात दुसऱ्या कॅमेऱ्याची, उदाहरणार्थ मामिया आरबी६७ ची, स्क्रीन कापून यात बसवण्याची पद्धत आहे. ती चालते, पण जाडी वेगळी असल्याने अंतर बदलते आणि पाहण्याची लेन्स नव्याने जुळवावी लागते. मॅट बाजू आरशाकडे, हे विसरायचे नाही. हॅसलब्लाडवाल्यांनी आधी बॉडी बघावी: ५००सी मध्ये स्क्रीन सहज निघत नाही, १९७० नंतरच्या ५००सी/एम मध्ये निघते. ॲक्यूट मॅट डी ओळखायची खूण म्हणजे कडेवरच्या दोन अर्धगोल खाचा. तिच्या किमतीत एक साधा जुना एसएलआर येतो, म्हणून खाचांचा स्पष्ट फोटो पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

परदेशातून मागवणार असाल तर विकणाऱ्याकडून स्क्रीन दिव्यासमोर धरून काढलेला फोटो मागा. समोरून उजेड पडलेल्या फोटोत ओरखडे दिसत नाहीत. सीमाशुल्काची रक्कम आधीच हिशेबात धरा. 'सगळ्या कॅमेऱ्यांना चालेल' असे लिहिलेली स्क्रीन घेऊ नका. अलीकडच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या स्क्रीन कापून जुन्यांसाठी विकतात, त्यांत चांगल्याही असतात, पण जाडी मूळ स्क्रीनइतकी आहे का हे विचारायचेच.

बसवण्याचे काम सकाळी करावे. दुपारी इथे कपाळावरचा घाम थेट कॅमेऱ्यात पडतो, आणि पंखा लावला तर धूळ आत जाते, वर काही कॅमेऱ्यांतली पातळ पत्रीही (तिच्याविषयी पुढे) उडते. एफएम२ चे सांगतो. लेन्स काढून बॉडी पाठीवर ठेवा. माउंटच्या आत वरच्या बाजूला, पुढे, एक बारीक खिटी आहे. चिमट्याच्या टोकाने ती पुढे ओढली की स्क्रीनची चौकट मागच्या बिजागरीवर खाली झुकते. स्क्रीनला एक छोटी जीभ असते, चिमटा तिथेच लावायचा, इतर कुठेही नाही. नवी स्क्रीन तशाच जिभेला धरून चौकटीत ठेवा, चौकट वर दाबा, 'टक' असा आवाज आला पाहिजे. चिमटा आणि फुगा रिची स्ट्रीटवर सहज मिळतात. चिमटा टोकाला प्लास्टिकचा किंवा बोथट असावा. काही कॅमेऱ्यांत स्क्रीनच्या वर किंवा खाली केसाएवढ्या पातळ पितळी पत्र्या असतात, त्यांना शिम म्हणतात. त्या घाण नाहीत. कारखान्याने ०.०५ मिलिमीटरचा फरक भरून काढायला त्या घातलेल्या असतात. जशा निघाल्या त्याच क्रमाने परत गेल्या पाहिजेत. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

मग तपासणी, आणि ती टाळून चालणार नाही. मागचे झाकण उघडा, शटर बी वर ठेवा आणि केबल रिलीजने उघडे धरा. फिल्म ज्या आतल्या दोन रुळांवर टेकते त्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा, किंवा जुनी टाकाऊ स्क्रीन मॅट बाजू लेन्सकडे करून, सपाट धरा. बाहेरचे दोन रूळ दाबपट्टीचे असतात, तिथे ठेवलीत तर सगळे माप चुकते. लेन्स पूर्ण उघडी. समोर एक मीटरवर वर्तमानपत्र तिरके लावा आणि त्यातल्या एका ओळीवर खूण करा. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवलेला असू द्या. मागच्या काचेवर भिंगातून पाहत ती ओळ सर्वांत रेखीव करा. आता लेन्सला हात न लावता शटर सोडा, आरसा खाली येऊ द्या आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहा. तीच ओळ रेखीव दिसली तर काम झाले. वरची किंवा खालची ओळ रेखीव दिसत असेल तर स्क्रीन वर-खाली बसली आहे, शिम बदलावी लागेल. मध्ये बरोबर आणि चौकटीच्या वरच्या-खालच्या कडेला वेगवेगळे दिसत असेल तर स्क्रीन कलली आहे किंवा आरशाचा कोन बिघडला आहे. आरशाचा कोन घरी कुणी सुधारू नये. ते मेकॅनिकचेच काम.

हीच तपासणी गच्चीवर जाऊन लांबच्या एखाद्या मोबाइल टॉवरवर, लेन्स अनंतावर ठेवून करा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या लेन्सनेही. एका लेन्सवर चूक आणि दुसरीवर बरोबर आले तर स्क्रीनला हात लावू नका, ती लेन्स तपासा. दोन्हींवर एकाच दिशेने चूक आली तरच शिमकडे वळायचे. त्यानंतर एक स्वस्त फिल्म घालून तिरके वर्तमानपत्र एफ १.४, २, २.८ आणि ४ वर टिपा, कुठली फ्रेम कुठल्या ॲपर्चरची ते वहीत लिहा, आणि निगेटिव्ह आल्यावर भिंगाखाली खूण केलेली ओळ शोधा. रोलच्या उरलेल्या फ्रेम मीटरसाठी वापरा: सकाळी दहाच्या उन्हात ४०० च्या फिल्मला एफ १६ आणि १/५०० सेकंद हे ठरलेले एक्स्पोजर, त्याच्या शेजारी मीटर सांगेल ते. दोन्ही निगेटिव्ह सारख्या गडद आल्या तर डायल आहे तिथेच ठेवा.